निवृत्तीनंतर कोईमतूरच्या सीनियर कम्युनिटीत जावं का? बेळगावचं घर ठेवावं की विकावं?

टिळकवाडीकर
नमस्कार मंडळी. मी ६६, बायको ६२. राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त. मुलगा कॅनडात, मुलगी पुण्यात, दोघंही आपापल्या जागी सुखी आहेत आणि आमची काळजी करतात, त्यामुळं "मुलं बघत नाहीत" हा विषय इथं नाही हे आधीच सांगतो. टिळकवाडीत वडिलांनी बांधलेलं कौलारू घर आहे, पुढं अंगण, मागं फणस. घरावर जीव आहे पण जूनमध्ये जी ओल धरते ती दिवाळीपर्यंत हटत नाही, भिंतींना बुरशी, कपाटातल्या कपड्यांना वास, आणि मिसेसना दमा, त्यात गुडघे. पावसाळ्यात तिचं बाहेर पडणंच बंद होतं, वॅक्सिन डेपोच्या मैदानात फिरायला जाणं सुटतं आणि मग वजन, साखर सगळंच बिघडतं.
बँकेतला एक मित्र कोईमतूरजवळच्या अशा कम्युनिटीत राहायला गेलाय. आम्ही दोघं जाऊन राहून आलो. ५५ च्या वरचेच लोक, फिरायला सपाट ट्रॅक, पोहण्याचा तलाव, फिजिओथेरपी, जेवणाचा हॉल, बाथरूममध्ये इमर्जन्सी बटण, नर्स चोवीस तास. हवा उबदार आणि कोरडी, मिसेसचा इनहेलर तिथं फारसा लागला नाही. आता टू बीएचके घ्यायचं तर इथलं घर विकावं लागेल, नाहीतर भाड्याचा पर्याय आहे. मन एकीकडं ओढतंय, शरीर दुसरीकडं. ज्यांनी असं केलंय, किंवा करून परत आलेत, त्यांनी सविस्तर लिहा. "जा" किंवा "नको" एवढंच लिहिलंत तरी चालेल पण कारण सांगा.

कुंदाप्रेमी
नको. कारण तिथं आपली मिठाई, कुंदा, मिळत नाही. 🙂

अनगोळची_माई
कुंदाप्रेमी, कुरियरनं जातो कुंदा, ते कारण बाद.
टिळकवाडीकर, माझा अनुभव लिहिते. सासूबाई आणि सासरे असेच गेले होते, तमिळनाडूत नाही, दुसऱ्या एका राज्यात, जागेचं नाव लिहीत नाही. सुरुवातीला छान होतं. सासरे ब्रिज खेळायचे, इंग्रजी उत्तम, त्यांना मित्र मिळाले. सासूबाईंना मराठी आणि बोलण्यापुरतं कानडी, बस. जेवणाच्या टेबलावर सगळे आपापल्या भाषेत हसायचे आणि ह्या नुसत्या ताटाकडं बघत बसायच्या. माणूस उपाशी राहतो तो फक्त जेवणानं नाही ओ. दोन्ही परत आले. आले ते येऊ शकले कारण शहापुरातलं घर विकलं नव्हतं. माझं एकच सांगणं, घर विकू नका. बाकी काही करा.

लेखापाल
माईंच्या मुद्द्याला पैशाची बाजू जोडतो. अशा जागा साधारण दोन तऱ्हेच्या असतात. एकात फ्लॅट तुमच्या नावावर, रीतसर खरेदीपत्र, जमिनीतला अविभक्त हिस्सा. दुसऱ्यात मोठं डिपॉझिट भरायचं आणि राहायचा हक्क मिळतो, सोडताना काही कापून परत. काकांनी आधी हे विचारावं की नक्की कुठल्या तऱ्हेचं आहे, कारण करात फरक पडतो. वडिलांकडून आलेलं घर विकलं तर भांडवली नफ्यावर कर येतो. २३ जुलै २०२४ च्या आधीची मालमत्ता असेल तर १२.५% इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे महागाईप्रमाणं मूळ किंमत न वाढवता) किंवा २०% इंडेक्सेशनसह, यातलं जे कमी बसेल ते घेता येतं, आणि खूप जुन्या घराला १ एप्रिल २००१ चं मूल्य धरता येतं. तो नफा दुसऱ्या राहत्या घरात गुंतवला तर सवलत आहे. पण डिपॉझिट भरून राहणं म्हणजे घर विकत घेणं नव्हे, तिथं ही सवलत धरून चालू नका.
दुसरं, मेंटेनन्स. पहिल्या वर्षाचा आकडा बघून हुरळू नका, दरवर्षी किती वाढणार हे करारात काय लिहिलंय ते वाचा. महिन्याला साडेसात हजारांच्या वर गेला तर १८% जीएसटीचा विषयही येतो. पेन्शन वाढते मुंगीच्या पावलानं.
आणि विकायला काढलात तर तिथं राहणारं माणूस ५५ च्या वरचंच लागतं, म्हणजे बाजार लहान. मुलांना वारसानं मिळेल पण तेवढं वय होईतो राहता येणार नाही, हे त्यांनाही आत्ताच सांगून ठेवा.

वडगावचा_पोरगा
काका मी सगळं वाचूलोय, एक विचारतो, एवढी ओल हाय तर घर दुरुस्त का करत नाही? आमच्या वडगावात माग चालायचे त्या घरातनी पण ओल असायची. खाली फरशी काढून नीट पाण्याचा निचरा केला, भिंतीला बाहेरनं वॉटरप्रूफिंग, कौलाखाली शीट टाकलं, आता लई फरक हाय. कोईमतूरच्या फ्लॅटच्या किमतीत अख्खं घर नवं हुईल की.

टिळकवाडीकर
@वडगावचा_पोरगा, कौलाखाली शीट टाकलंय, निचऱ्याचं काम बाकी आहे. पण बाहेर जी हवा आहे ती कशी बदलणार? ऑगस्टमध्ये खिडकी उघडली की ढगच आत येतो.

खानापूरकर
टिळकवाडीत ओल म्हणता? एकदा जुलैत कणकुंबीला या म्हणावं. 😄 आमच्याकडं चुलीवर कपडे वाळवतात अजून.

गोकाकचा_भाऊ
मंडळी, उबेसाठी आठ-नऊशे किलोमीटर कशाला? आपल्याच जिल्ह्यात सगळं आहे की. खानापूरकरांच्या कणकुंबीला हजारो मिलिमीटर पाऊस, बेळगाव शहरात त्याच्या कितीतरी कमी, आणि पूर्वेला गोकाक-अथणीकडं यावं तर वर्षाला पाचशे-सहाशेच्या आसपास. घाटानं सगळे ढग अडवून ठेवलेत. दीड-दोन तासाच्या रस्त्यात हवा पार पालटते. माझे मेहुणे दम्यापायी खानापूरहून आमच्याकडं येऊन राहतात पावसाळ्यात. काकांनी गोकाकात घर भाड्यानं घेऊन बघावं, मराठी-कानडी दोन्ही चालतं, आणि आमची मिठाई, करदंट, रोज ताजा.

कुंदाप्रेमी
करदंट विरुद्ध कुंदा असा वेगळा धागा काढा, मी येतो.

निपाणीची_मीरा
भाऊ, एप्रिल-मे मध्ये अथणी-गोकाकला ४० च्या घरात तापमान जातं ते पण सांगा ना. ६६ व्या वर्षी उन्हाचा तडाखा काही कमी धोक्याचा नाही. आणि तिथं ती सगळी सोय कुठंय, बटण दाबलं की नर्स, सपाट ट्रॅक, बरोबरीची माणसं? काका फक्त हवा विचारत नाहीयेत असं मला वाटतं.

डॉ_शहापूर
डॉक्टर म्हणून थोडं. दमा आणि गुडघे हे दोन वेगळे विषय आहेत, एकत्र करू नका.
दमा: ओल, बुरशी आणि धुळीतले बारीक किडे याचा थेट संबंध आहे. घरातली आर्द्रता ५०% च्या खाली राहिली तर हे किडे वाढत नाहीत. म्हणजे कोरड्या हवेत बरं वाटलं ते खरंच आहे, मनाचे खेळ नाहीत. पण थोड्या दिवसांच्या मुक्कामावर निर्णय घेऊ नका. नवीन जागेची स्वतःची धूळ, परागकण असतात, ते एक-दोन ऋतू गेल्यावर कळतं. इथं एका खोलीत डीह्युमिडिफायर लावून, गाद्या-पडदे बदलूनही पुष्कळ फरक पडतो, वडगावच्या भावानं सांगितलेला निचराही महत्त्वाचा. इनहेलर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायचा नाही, बरं वाटत असलं तरी.
गुडघे: हवेनं दुखणं वाढतं असं पुष्कळ पेशंट सांगतात, पण यावर झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. गुडघ्याची झीज उबदार गावात गेल्यानं थांबत नाही. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, वजन, रोजचं चालणं यानं फरक पडतो. तिथं ट्रॅक सपाट आहे, तलाव आहे, म्हणून काकूंची हालचाल होईल, खरा फायदा तो आहे. पाण्यातला व्यायाम गुडघ्यांना फार चांगला.
आणि पडणं. साठीनंतर मी सर्वांत जास्त घाबरते ते बाथरूममध्ये पडण्याला. तिथं जा किंवा इथं राहा, धरायला दांडे आणि न घसरणारी फरशी या आठवड्यात करून घ्या. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची पण घ्या.

सुभेदार_कॅम्प
डॉक्टरबाईंशी सहमत. मी मराठा लाईट इन्फंट्रीतून निवृत्त. माझ्यासारख्यानं जायचं म्हटलं तर पहिलं बघायचं ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिक किती लांब आणि त्यांच्या पॅनेलवर कुठलं हॉस्पिटल. काकांना बँकेची निवृत्तांची ग्रुप पॉलिसी असेल, तिचं कॅशलेस तिथल्या कुठल्या हॉस्पिटलात चालतं ते लेखी विचारा. नर्स चोवीस तास म्हणतात पण रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर अँब्युलन्स दारात उभी असते का फोन करून बोलवायची, आणि हॉस्पिटलला किती मिनिटं, हे स्वतः गाडीत बसून मोजून या. इथं आपल्याला केएलई, सिव्हिल, सगळं दहा-पंधरा मिनिटात आहे, त्याची किंमत आपल्याला कळत नाही.
सत्तरी ओलांडली की केंद्राच्या आयुष्मान आरोग्य योजनेचं ५ लाखांचं कवच उत्पन्न न बघता आहे, २०२४ च्या शेवटापासून, पण ज्या राज्यात राहाल तिथं ते चालतं का ते विचारून घ्या. काकांना अजून वेळ आहे पण लक्षात ठेवा.

मारुती_गल्ली
सगळं बरोबर पण एक स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आपल्या गावात, आपल्या माणसात म्हातारं व्हायचं असतं. गल्लीत शिवजयंतीचे चित्ररथ निघतात तेव्हा दारात खुर्ची टाकून बसायचं, येणारा-जाणारा विचारतो काका बरं आहे काय. तिथं सगळे म्हातारेच म्हातारे. एकही पोर नाही, सायकलची घंटी नाही. रोज कुणाचं तरी आजारपण, कुणाची तरी अँब्युलन्स. आणि लोक काय म्हणतील, मुलांनी आईबापाला आश्रमात टाकलं. ती बोलणी मुलांना आयुष्यभर ऐकावी लागतील.

पुण्यातली_लेक
मारुती_गल्ली, मी अशीच एक लेक आहे म्हणून लिहिते. आईबाबा पुण्यात अथश्री या ज्येष्ठांच्या वसाहतीत राहायला आले, स्वतः ठरवून, स्वतःच्या पैशानं. नातेवाईक बोलले. खूप बोलले. लग्नकार्यात मला बाजूला घेऊन विचारलं की तुझ्याकडं जागा नाही का. मला तेव्हा रडू यायचं. आईच त्यांना सांगायची, मी इथं आलेय, मला कुणी आणलेलं नाही.
मग बाबा गेले. सगळे म्हणाले आता आईला घेऊन जा. मीही म्हणाले. आई आली माझ्याकडं, थोडे दिवस राहिली आणि मला म्हणाली, सोड मला परत. माझ्या घरी दिवसभर ती एकटी, मी ऑफिसात, नवरा ऑफिसात, मुलगी क्लासला. तिथं सकाळी सात वाजता योगा, साडेदहाला चहा, संध्याकाळी कट्टा, शेजारच्या दोन बायका तिच्याआधी विधवा झालेल्या, त्यांनी तिला अक्षरशः हाताला धरून बाहेर काढलं. मी ते करू शकले नसते, माझं तिच्यावर कितीही प्रेम असलं तरी.
टिळकवाडीकर काका, तुम्ही दोघं आहात तोवर कुठंही छान जाईल. तुमच्यातलं एकच जण उरलं तर ते माणूस कुठं बरं राहील, हे धरून जागा निवडा. आणि हे दोघांनी एकमेकांशी मोठ्यानं बोला. आम्ही बोललो नव्हतो, आईला सगळं एकटीला ठरवावं लागलं.

अनगोळची_माई
लेकी, डोळ्यात पाणी आणलंस. तुझ्या आईला मराठी कट्टा मिळाला हा फार मोठा फरक आहे. काकूंना कोईमतुरात तो मिळेल का, हे बघायला हवं. दोघांतल्या कुणाला तमिळ येतं?

टिळकवाडीकर
@पुण्यातली_लेक, तुझा प्रतिसाद मी मिसेसना वाचून दाखवला. आम्ही पहिल्यांदाच त्या विषयावर बोललो. तुझे आभार मानायला शब्द नाहीत.
@अनगोळची_माई, तमिळ दोघांनाही नाही. मला कानडी चांगलं येतं, बैलहोंगल, सौंदत्ती अशा ब्रँचेस केल्यात. मिसेसचं कानडी भाजीबाजारापुरतं.
पुण्याचाही विचार केला, मुलगी जवळ, भाषा आपली. पण मिसेसना पुण्याची धूळ आणि रहदारी सोसत नाही, मुलीकडं गेलं की खोकला सुरू.

पर्वरीवासी
गोवा कुणी सुचवलं नाही अजून, म्हणून सांगून टाकतो, दम्यासाठी गोवा अजिबात नको. मी बेळगावचा, पर्वरीत राहतो. ऊब आहे पण दमट, पाऊस बेळगावपेक्षा दुपटीहून जास्त. लेदरच्या चपलेला आठवड्यात बुरशी. चोर्ला घाट चढून बेळगावात आलो की मलाच मोकळं वाटतं.

कोईमतूरची_वहिनी
हा धागा मला बहिणीनं पाठवला. मी निपाणीची, नवऱ्याच्या गिरणीतल्या नोकरीमुळं कोईमतुरात आयुष्य गेलं. काही गोष्टी तिथं राहणाऱ्या माणसालाच माहीत असतात त्या लिहिते.
हवा: पालघाटची खिंड आमच्या पश्चिमेला आहे, जून ते सप्टेंबर तिच्यातून भन्नाट वारं येतं, पाऊस हलका. त्या महिन्यात हवा खरंच सुरेख. आमचा मोठा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात. म्हणजे तुमचा पाऊस संपतो तेव्हा आमचा सुरू होतो. मार्च ते मे ऊन कडक, पण तुमच्या अथणीइतकं नाही. टिळकवाडीकर कुठल्या महिन्यात येऊन गेले त्यावर त्यांचं मत अवलंबून आहे.
भाषा: शहरात कानडी आणि तेलुगू बोलणारे पुष्कळ आहेत, पिढ्यानपिढ्याचे. काकांचं कानडी इथं उपयोगी पडेल. मराठी हवं तर सोन्याच्या बाजारात जा, सांगली जिल्ह्यातले विट्याकडचे गलाईवाले किती वर्षांपासून इथं सोनं गाळतायत, त्यांच्याकडं गणपती बसतो, आरती अस्सल मराठीत. सीनियर कम्युनिटीत मात्र बहुतेक तमिळ आणि थोडे उत्तरेकडचे. कुणी मुद्दाम वाईट वागत नाही, पण गप्पा रंगल्या की आपल्या भाषेत जातात, माणूस आहे.
जेवण: शाकाहारी, वेळेवर, स्वच्छ. सांबार, रसम, कूटू, पोरियल. भाकरी विसरा. मी अजून वर्षाची चटणी निपाणीहून आणते, ताटाला लावल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही.
नवीन प्रोजेक्टला भुलू नका. तीन-चार वर्षं माणसं राहतायत अशीच जागा बघा आणि ऑफिसातल्या मुलीशी न बोलता तिथल्या एखाद्या एकट्या राहणाऱ्या आजींशी बोला.

अनामिक_खडेबाजार
वहिनींच्या शेवटच्या वाक्याला माझा जोर. माझ्या आत्याचं नवीन प्रोजेक्टमध्ये झालं, कुठलं ते लिहीत नाही. क्लबहाऊस होणार, हॉस्पिटलशी करार होणार, सगळं होणार होणार. बिल्डर फ्लॅट विकून मोकळा झाला, चालवायला दुसरी एजन्सी आली, मेंटेनन्स वाढला, जेवणाचा दर्जा उतरला, नर्स रात्रीची बंद. आत्या ७८ वर्षांची, भांडणार कुणाशी? रेराकडं तक्रार करता येते, पण रेरा बांधकाम आणि ताबा याचं बघतं, रोजच्या आमटीचं कोण बघणार. केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयानं २०१९ मध्ये निवृत्तांच्या घरांसाठी मॉडेल गाईडलाईन्स काढल्यात, त्या छापून घेऊन जा आणि लिफ्ट, रॅम्प, दरवाजाची रुंदी, इमर्जन्सी बटण हे सगळं त्याच्याशी ताडून बघा.

मारुती_गल्ली
मग आपण बेळगावातच का करत नाही असं काही? मच्छे-पिरनवाडीकडं जागा घेऊन दहा-बारा कुटुंबांनी मिळून. बैठी घरं, मधे एक स्वयंपाकघर, एक नर्स. मराठी, कानडी, कोंकणी सगळे. शेजारी एखादी शाळा असली तर पोरांचा आवाजपण येईल.

लेखापाल
कल्पना मनापासून आवडली. जमीन आधी एनए (बिगरशेती) आहे का बघा, शेतजमिनीवर असं उभं करता येत नाही. आणि दहा कुटुंबांत वीस मतं. पण कुणी पुढाकार घेत असेल तर कागदपत्रांचं काम मी फी न घेता करीन, इथं लिहून देतो.

वडगावचा_पोरगा
मी गवंड्याचं बघतो. आमचा चुलता कंत्राटदार हाय.

खानापूरकर
बैठी घरं कराल तर कौलं घाला, स्लॅब नको. आणि खानापूरला करा, हवा शुद्ध.

निपाणीची_मीरा
खानापूरला केलं तर काकूंच्या दम्याचं काय, मूळ प्रश्न तोच होता ना. 😀 परत धाग्यावर येऊ. अजून एक, घर विकायचं नसेल आणि मुलांच्या नावावर करायचा विचार असेल तर बक्षीसपत्र घाईनं करू नका. केलंच तर "आम्हाला सांभाळण्याच्या अटीवर" असं त्यात स्पष्ट लिहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणं अट पाळली नाही तर ते रद्द करून घेता येतं. मुलं चांगली आहेत हे माहीत आहे, तरीही.

लेखापाल
अगदी. त्यापेक्षा मृत्युपत्र करा, जिवंत असेतो घर तुमच्या नावावर. आणि घर न विकता भाड्यानं राहून बघायचं असेल तर हिशेब असा, दोघांच्या नावानं पोस्टातली सीनियर सिटिझन योजना, प्रत्येकी ३० लाखांपर्यंत, सध्या ८.२%. पूर्ण भरले तर एकाला तिमाहीला ६१,५०० व्याज, ते करपात्र असतं. त्यात बहुतेक जागचं भाडं आणि जेवण निघावं.

टिळकवाडीकर
(हे मी लिहीत नाही, माझ्या खात्यावरून मिसेस लिहितायत.)
नमस्कार. मी सगळा धागा वाचला. माझे गुडघे आणि माझा दमा यावर एवढ्या लोकांनी विचार केला, सगळ्यांचे आभार. आता माझं मीच सांगते.
कोईमतूर मला आवडलं ते हवेमुळं आवडलंच, पण त्याहून आवडलं ते हे की सकाळी उठल्यावर "आज काय करायचं" हा प्रश्न नव्हता. लग्न झाल्यापासून दोन्ही वेळचा स्वयंपाक केलाय, सासू-सासऱ्यांचं केलं, मुलांचं केलं, पाहुण्यारावळ्यांचं केलं, आनंदानं केलं. आता पायात त्राण नाही ओट्याशी उभं राहायचं. तिथं हॉलमध्ये जाऊन बसलं की ताट समोर, आणि मग पाण्यात उतरायचं. मी आयुष्यात पहिल्यांदा पाण्यात उतरले, फिजिओच्या मुलीनं हात धरला होता. ह्यांना मी हे असं कधी बोलले नव्हते, त्यांना वाटत होतं दम्याचाच प्रश्न आहे.
पण शहापूरला माझी बहीण आहे, भजनी मंडळ आहे, सार्वजनिक वाचनालयातून आठवड्याचं पुस्तक येतं. ते सोडून कायमचं जायला मी तयार नाही. घर विकायचं नाही, हे माझं ठरलंय. कोईमतूरच्या वहिनींनी लिहिलं की त्यांचा पाऊस आपला संपल्यावर सुरू होतो, ते वाचून मला वाटलं की जूनच्या मध्याला जावं आणि सप्टेंबरअखेर परत यावं. भाड्यानं. एक वर्ष करून बघावं.
अडचण एकच, गणपती. आमच्याकडं पाच दिवसांचा गणपती आहे, तो बंद करणार नाही.

सुभेदार_कॅम्प
वहिनी, सलाम तुम्हाला. हा धागा इतके दिवस चालला आणि विचारायचं होतं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

अनगोळची_माई
जियो! आणि जेवणाचं म्हणाल तर परत आल्यावर बेळगावातही डबा लावा. एक वेळचा तरी. काका, ऐकताय ना?

टिळकवाडीकर
ऐकतोय. डब्याची चौकशी आज संध्याकाळीच करतो, पोळी-भाजी चांगली देणाऱ्या एक बाई मंगळवार पेठेत आहेत म्हणे. न्याहरी मी करायला शिकतो, पोहे येतात.

कुंदाप्रेमी
काकू, एक अडचण राहिली. कर्नाटकात तुम्हाला बसप्रवास फुकट आहे, शक्ती योजना. तमिळनाडूत आपलं आधार दाखवून काय होणार?

कोईमतूरची_वहिनी
कुंदाप्रेमी, इथं पण साध्या टाऊन बसला बायकांना तिकीट नाही. या तुम्ही बिनधास्त.
आता कामाचं. गणपतीला मधे आठवडाभर बेळगावला जाऊन या, तेवढ्यासाठी भाडं सुटत नाही पण जेवणाचे पैसे कापून घेतात का ते विचारा. किंवा गलाईवाल्यांच्या गणपतीला या, पण घरचा तो घरचाच, मी समजू शकते. तीन-चार महिन्यांचं भाडं सगळीकडं देत नाहीत, काही ठिकाणी वर्षाचा करार मागतात, म्हणून मार्चच्या आधी बोला. तळमजला किंवा लिफ्टला लागूनची खोली मागा. कुणाचा फ्लॅट रिकामा असेल तर मालकाकडून थेट मिळतो, स्वस्तही पडतो, मी दोन-तीन जागी विचारून निरोप देते.

डॉ_शहापूर
काकू, पाण्यातला व्यायाम सोडू नका. जाण्याआधी एकदा फुफ्फुसाची तपासणी करा आणि परत आल्यावर एकदा, आकड्यांवरून कळेल खरंच फरक पडला का. पुढच्या वर्षीचा निर्णय त्यावर घ्या.

पुण्यातली_लेक
आणि काकू, मधल्या काळात मुलीला आणि मुलाला तिथं बोलवा, पाहुण्यांना किती दिवस राहता येतं त्याचे नियम असतात, ते पण वहिनींना विचारायला सांगा. त्यांनी डोळ्यानं बघितलं की नातेवाइकांना उत्तर तेच देतील.

खानापूरकर
सगळं झालं, पण भर पावसात साडेतीन महिने घर बंद? कौलारू घर बंद ठेवलं तर सप्टेंबरात आत अळंबी उगवतील. मे महिन्यातच शाकारून घ्या, पन्हाळी साफ करा, फणसाच्या फांद्या छपरावर आल्या असतील त्या उतरवा. आणि कुणीतरी आठवड्याला दार-खिडक्या उघडल्या पाहिजेत.

वडगावचा_पोरगा
ते मी करतो काका. रोज त्याच रस्त्यानं कामाला जाऊलोय. शनिवारी खिडक्या उघडून तासभर पंखा लावून ठेवतो, कुठं गळायला लागलं तर चुलत्याला बोलवतो. निचऱ्याचं काम तेवढं एप्रिलात काढूया, पाऊस लागायच्या आत फरशी बसली पाहिजे.

टिळकवाडीकर
रविवारी सकाळी घरी ये, निचरा कुठून काढायचा ते जागेवर दाखवतो. चुलत्यांनाही घेऊन ये, मापं तेव्हाच घेऊ. वहिनी, निरोपाची वाट बघतो, टू बीएचके नसेल तर एक खोली आणि हॉल असला तरी चालेल.